तिसऱ्या बेसवर

"हृदयच असणार," मार्लिस म्हणाली. "नाहीतर धडधाकट माणूस सव्विसाव्या वर्षी तिसऱ्या बेसवर मरेल कशाला?"

ड्वेनने पोस्टकार्ड उजेडात धरलं. फोटोत नऊ खेळाडू, मागे धान्याचं उंच कोठार. डावीकडून तिसरे टॉरवाल्ड हौगेन, मार्लिसचे आजोबा. डावा कान दुमडलेला.

"तिकिटाच्या चौकटीतल्या त्रिकोणांची टोकं वर आहेत," तो म्हणाला. "म्हणजे कागद एकोणीसशे अठराच्या आधीचा."

"साल मला ठाऊक आहे. अकरा. तीन आठवडे कार्ड तुझ्याकडे आहे, ड्वेन. मला कारण पाहिजे."

ड्वेन चाळीस वर्षं बेसबॉलचा पंच होता; तिसऱ्या बेसपर्यंत पळून, डाव संपल्यामुळे तिथेच अडकलेले शेकडो खेळाडू त्याने पाहिले होते. आता गावच्या संग्रहालयात मंगळवारी आणि गुरुवारी बसायचा. आज गुरुवार होता आणि उद्या ब्रिटाचा अर्ज शाळेत द्यायचा होता. ब्रिटा मार्लिसची नात, तिच्याकडेच वाढलेली. सॉफ्टबॉलच्या संघात तिची निवड झाली होती. आजीची सही तेवढी बाकी होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पोरीचं हृदय ठणठणीत आहे म्हणतात. आजोबांचंही तसंच असणार. तिसऱ्या बेसपर्यंत."

ड्वेनने कार्ड उलटलं. संघाच्या कप्तानाने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मिसेस हौगेन, टॉरवाल्ड नवव्या इनिंगला तिसऱ्या बेसवर मेला. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं.'

"हे पहिल्यांदा वाचलं कोणी?"

"आजीने. नॉर्वेहून येऊन आठच महिने झाले होते. शब्दकोश घेऊन बसली. बाबा तेव्हा पोटात."

"आणि प्रेत?"

"आलंच नाही. लांब डाकोटात कामाला गेले होते ते. चर्चमागे दगड आहे ना, त्याच्याखाली त्यांची रविवारची हॅट आहे."

ड्वेनने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"तू हे कार्ड कोणालाच दाखवलं नाहीस? हार्लनलासुद्धा?"

"माझा नवरा हॉकीवाला. आणि बायबलात ठेवलेली वस्तू काय गावभर फिरवायची?"

आजीने बाबांना कधी पळू दिलं नव्हतं. एकदा वळू मागे लागला, तरी बाबा चालतच घरी आले. शेवटी वळूच कंटाळला. पुढे बाबांनी मार्लिसला पळू दिलं नाही. स्वतःच्या लग्नात ती खुर्चीवर बसून होती आणि हार्लन एकटाच नाचला.

"छान नाचला होता," ती म्हणाली. "मी टाळ्या वाजवल्या. हळू."

"बेसबॉल पाहिलास कधी?"

"आमच्याकडे रेडिओवर सामना लागला की बाबा उठून बंद करायचे. सावकाश उठून."

ड्वेनने टेबलाचा खण थोडा उघडला आणि पुन्हा लावला. मैदानावर त्याने कुठलाही निर्णय तीन सेकंदांच्या वर लांबवला नव्हता.

"सही कर, मार्लिस. पोरीला काही होत नाही."

"कशावरून?"

"माझा शब्द."

"तुझ्या शब्दावर हे गाव एकदा जिंकलेला सामना हरलंय. मला खेळातलं काही कळत नाही, पण एवढं मलाही माहीत आहे."

"तो बाद होता."

"असेल." तिने पर्समधून अर्ज काढला. सहीची रिकामी जागा एकदा पाहिली आणि कागदाची घडी घातली. "नाहीच करत मी. आठवडाभर रडेल. मी पण रडले होते. पण जिवंत राहिले ना एकोणऐंशीपर्यंत?"

तिने घडीची आणखी एक घडी केली आणि कागद फाडायला दोन्ही हातांत धरला.

"थांब," तो म्हणाला.

खणातून त्याने दुसरं पोस्टकार्ड काढलं. डाकोटातल्या एका संग्राहकाने ते पाठवलं होतं. तेच कोठार, तोच संघ. डावीकडून पाचव्या माणसाला मिशा होत्या आणि डावा कान दुमडलेला होता.

"अगंबाई, आजोबांना भाऊ होता?"

"मागे वाच."

मार्लिसने कार्ड उलटलं. शिक्का जून एकोणीसशे चौदाचा होता, पत्ता आजीचा नव्हता. अक्षर टपोरं, न घाबरलेलं.

'प्रिय क्लारा, काल पुन्हा तिसऱ्या बेसवर मेलो. तब्येत उत्तम. पोरांना पापे. तुझा टॉरवाल्ड.'