अडलेलं आमेन

योग्य गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये जशीच्या तशी पडलेली औषधवाल्याला दिसली. एकही गोळी काढलेली नव्हती. मग सकाळी आजींच्या दुपारच्या पुडीत त्याने टाकलं तरी काय?

त्याने शेजारच्या खणातली पट्टी उचलली. तिच्यात दोन गोळ्या कमी होत्या. दिसायला तशाच, पांढऱ्या आणि गोल. पण त्या साखर उतरवणाऱ्या होत्या, त्यातही सगळ्यात तेज. आजींना मधुमेह नव्हता. ऐंशी वर्षांची, काडीसारखी बाई. तिच्या उपाशी पोटात या दोन गोळ्या गेल्या तर काय होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

आजींना बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून तो त्यांच्या गोळ्या पट्टीतून काढून पुड्या बांधून देई. सकाळच्या पुडीवर सूर्य, दुपारच्या पुडीवर ताट आणि रात्रीच्या पुडीवर चंद्र काढायचा. आपल्या या युक्तीचं त्याला कोण कौतुक! पण पुडी बांधली की गोळीवरचं नाव जातं. राहतो तो फक्त बांधणाऱ्यावरचा भरवसा.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आजी साडेबाराला ताट वाढून घेत, आणि पहिल्या घासाआधी गोळ्या. चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. कुणी उचलला नाही. एकटी राहणारी म्हातारी भरदुपारी जाणार कुठे?

खोटं कशाला सांगायचं, पहिली भीती त्याला स्वतःचीच वाटली. परवाना जाईल, दुकान जाईल, लोक तोंडावर बोलतील. मग त्याला आजींचे थरथरणारे हात आठवले आणि त्याची त्यालाच लाज वाटली. ग्लुकोजचा डबा घेऊन तो काउंटरखालून बाहेर पडला. "अहो, माझं औषध?" गिऱ्हाईक ओरडलं. त्याने मागे पाहिलंही नाही.

दोन गल्ल्या, एक चौक, मग तीन जिने. पंचेचाळिशीतलं पोट घेऊन तो कितीतरी वर्षांनी पळत होता. एका हाताने कठडा धरायचा, दुसऱ्या हाताने डबा छातीशी. 'देवा, एवढ्या वेळी वाचव' हे तो म्हणत होता, पण म्हातारीला की आपल्याला, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आजी टेबलाशी बसल्या होत्या. समोर झाकलेलं ताट, पाण्याचा भरलेला पेला आणि त्याच्याच हाताने ताटाचं चित्र काढलेला पुडीचा कागद, उलगडलेला, रिकामा. आजींचे डोळे मिटलेले होते. मान छातीवर कलंडली होती.

"आजी!"

मान तशीच. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. तो तिथेच उंबऱ्यात मटकन बसला. डबा हातातून सुटून घरंगळत गेला.

त्या आवाजाने आजींची मान वर झाली. "कोण आहे? अरे, तू होय? असा काय बसलास दारात?"

तो गुडघ्यांवरच पुढे सरकला. "गोळ्या! आजी, गोळ्या घेतल्या का?"

आजींनी डावी मूठ उघडली. दोन्ही गोळ्या घामाने ओल्या होऊन तळहाताला चिकटल्या होत्या. त्याने त्या झडप घालून काढून घेतल्या आणि मग लहान पोरासारखा रडला. "चुकीच्या दिल्या मी. जीव गेला असता तुमचा. माझी चूक, आजी. कुणालाही सांगा, मी नाही म्हणणार नाही."

आजींनी पुडीचा कागद हाताने दूर सारला. घाबरल्या त्याही.

"पण साडेबारालाच घ्यायच्या होत्या ना या?" डोळे पुसत त्याने विचारलं. "फोनसुद्धा उचलला नाहीत."

"जेवणाआधीचे आभार मानत होते. ते संपल्याशिवाय तोंडात काही घालत नाही मी. प्रभूशी बोलताना मधेच फोन कसा घेऊ?" आजी म्हणाल्या. "आधी त्याचे मानते. मग ज्यांच्या हातून त्याने मला सांभाळलं, त्यांच्यासाठी, एकेकाचं नाव घेऊन. त्यात तूही आहेस. संपात सगळा बाजार बंद होता, तेव्हा तू मागच्या दाराने औषध दिलंस, म्हणून आमचे हे आणखी सहा वर्षं जगले. चौदा वर्षं झाली त्या संपाला. एक दिवस चुकले नाही मी."

औषधवाल्याला संप आठवत होता. औषध दिल्याचं आठवत नव्हतं.

"एवढा वेळ लागतो रोज?"

"पाच मिनिटं. पण आज सकाळी तू चार माणसांत खेकसलास माझ्यावर. 'तुमचं पुराण आवरा, लोक खोळंबलेत.' फार लागलं रे. बाकी सगळ्यांचं झालं. तुझ्यापाशी आले आणि जीभच वळेना. तुला वगळावं तर मन खातं. आणि मनात नसताना नुसतं म्हणावं, तर त्याला काय कळत नाही?" आजींनी झाकलेल्या ताटाकडे पाहिलं. "केव्हाची बसलेय उपाशी. तुझ्यापायी अजून आमेन म्हणता आलेलं नाही मला."