ऐलाचं एकटीचं कार्ड

तानेली घरात पाऊल टाकताच स्क्रूड्रायव्हर काढेल, असं ऐलाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तुमच्या कॉम्प्युटरचा पंखा केवढा घरघरतोय!" बूट दाराशी काढून तो मोज्यांवरच आत आला. "धूळ बसली असणार. उघडून बघतो जरा."

"आधी कॉफी," ऐला म्हणाली. "आणि कोट काढ. आल्या आल्या कसली उघडझाप?"

बसला बिचारा. ओउलूहून गाडीने खास तिला भेटायला आला होता. इतकी वर्षं नुसता पत्रव्यवहार, एकमेकांचं तोंड आज पहिल्यांदा बघत होते. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं! घरात जुळ्या मुली जन्मल्यापासून झोप म्हणजे काय ते विसरलोय, म्हणाला.

शेजारची सिर्का आधीच टेबलाशी ठाण मांडून वेलदोड्याचा गोड पाव खात होती. पाहुणा येणार म्हटल्यावर ती घरी कशाला थांबतेय!

"तर तू तो," सिर्का म्हणाली. "तुझ्यामुळे ही या वयात दिवसभर पडद्यावर बोटी हाकते. समोर खरं तळं आहे, तिकडे ढुंकून बघत नाही."

"खऱ्या तळ्यात गुडघे दुखतात," ऐला म्हणाली.

तानेली हसला, पण ऐलाला हसू येईना. तिचं लक्ष कॉम्प्युटरकडे होतं.

बोटींचा तो खेळ तिच्या नवऱ्याचा, रेयोचा आवडता. बनवलेला विंडोजसाठी, पण रेयो हट्टी. कुणा कंपनीच्या मालकीची नसलेली, सगळ्यांनी मिळून लिहिलेली मोफत प्रणालीच तो वापरायचा. मग मधे एक दुभाष्या प्रोग्राम बसवला, की विंडोजचा खेळ तिथेही चालायचा. प्रश्न उरायचा कॉम्प्युटरच्या आतल्या, पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या कार्डाचा. ते फार जुनं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, तानेलीने कॉलेजात असताना फावल्या वेळात लिहिलेला, पदरमोड करून. त्याचं हे पहिलं काम, आणि त्याचा जीव त्यात.

ही प्रणाली लिहिणाऱ्या लोकांची एक रीत आहे. जुन्या कार्डाचा एक जरी माणूस "माझ्याकडे चालतं" असं कळवत राहिला, तर त्याचा ड्रायव्हर ठेवतात. कुणीच बोललं नाही, की कचऱ्यात. बाकीचे एकेक करून गळाले. उरली ऐला. प्रणालीच्या दर नव्या आवृत्तीला ती कळवायची, "चालतं."

आणि रेयोचं ते कार्ड केव्हाच जळून गेलं होतं!

एका थंडीत धूर निघाला आणि संपलं. दुकानदाराने दुसरं बसवून दिलं, त्याला तानेलीचा ड्रायव्हर लागतच नव्हता. ऐला खरं लिहायला बसली होती हो. पण रेयो गेला तेव्हा याच पोराने, कधी न पाहिलेल्या माणसासाठी, दोन पानं भरून लिहिलं होतं. त्याची सगळी मेहनत आपल्या एका ओळीने पुसून टाकायची? तिचा हात धजेना. तिने लिहिलं, "चालतं." पुढच्या वेळीही तेच.

पूर्वी तानेली यंत्राची सगळी नोंद मागायचा, उत्तरंही सगळ्यांना दिसतील अशी द्यायचा. गेली काही वर्षं तिला एकटीलाच लिहायचा, सोबत फाईल जोडून. "चालतं ना?" एवढंच विचारायचा. विश्वास, दुसरं काय! ऐलाला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"ऐला," तानेलीने कप खाली ठेवला, "मी खरं तर एक बोलायला आलोय." मग त्याने पावाचा एक तुकडा तोडला. "पाव छान झालाय."

कळलंय याला, ऐलाच्या मनात आलं. चोराच्या मनात चांदणं.

"पावाची तारीफ करायला एवढ्या लांबून आलास?" सिर्काने टोमणा मारला.

"मी पंखाच बघतो," म्हणत तो उठला. स्क्रूड्रायव्हर त्याने दप्तरातून आणलाच होता. पहिला स्क्रू निघाला. दुसरा फिरायला लागला.

"थांब!" ऐला म्हणाली.

तो थांबला.

"आत ते कार्ड नाहीये, तानेली. रेयोचं कार्ड जळालं, झाले तीन हिवाळे. मी तुला खोटं लिहीत आले. दर वेळी. मी नाही म्हटलं असतं, तर तुझं काम काढून टाकलं असतं त्यांनी. ते माझ्याने बघवलं नसतं. आता काय बोलायचं ते बोल."

सिर्काचा हात पावावरच थांबला. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या तानेलीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. रागावला का, ते कळेना. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"तीन हिवाळे?" त्याने विचारलं.

"तीन."

"मी आज सांगायला आलो होतो, की आता माझ्याने होत नाही," तो म्हणाला. "मुली झाल्यापासून रात्रीची उसंतच नाही. आणि दारातून आल्यापासून जीभ रेटत नाहीये."

"काय होत नाही तुझ्याने?"

"एका माणसासाठी ठेवायची ती रीत त्यांनी मोडली, तो ड्रायव्हर चार वर्षांपूर्वीच काढून टाकला, ऐला. तुमचा खेळ बंद पडू नये म्हणून दर वेळी तो मी नव्याने जुळवून पाठवायचो, एकट्या तुमच्यासाठी."