सेन्सरचं काय घेऊन बसलीस

ट्रकच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला की शेजारी बसलेली बायको दचकायची. ड्रायव्हर हसायचा. "ऑक्सिजनचा सेन्सर गेलाय बहुतेक. इंजिन ठणठणीत आहे गं, सेन्सरचं काय घेऊन बसलीस?" मेकॅनिकचंही तेच मत होतं, आणि ट्रक कसलीही कुरकुर न करता पळत होता.

या खेपेला मात्र ती खोकल्यामुळे घरीच राहिली. अर्ध्या वाटेत तिचा फोन आला.

"जरा धाप लागतेय. ते बोटाला लावायचं यंत्रही ऑक्सिजन कमी दाखवतंय."

त्याने ट्रक कडेला घेतला. "मागे फिरू का?"

आता ती हसली. "अहो, माल पोचवून या सावकाश. मी ठणठणीत आहे. सेन्सरचं काय घेऊन बसलात?"

आपलंच वाक्य तिने आपल्यावर उलटवलं, याचं त्याला पुढचा सगळा रस्ता हसू येत राहिलं.

तो परतला तेव्हा ती गेलेली होती. सगळं उरकून माणसं पांगल्यावर तिच्या उशाखाली त्याला ते यंत्र सापडलं. त्याने ते स्वतःच्या बोटाला लावलं.



अठ्ठ्याण्णव. यंत्र अगदी ठणठणीत होतं.