नैवेद्याचा पडदा

“आई, तुझ्या पानात तीन पुरणपोळ्या? शक्कर वाढेल ना!”

भिंतीवरून आवाज आला आणि बकुळा पाटावरून पडायचीच बाकी राहिली. आवाज इंदूताईंच्या लेकाचा, कौशिकचा. तो राहतो गुडगावला, पण त्याचा डोळा सीपरी बाजारात, आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यात. आई पडली-झडली तर कळावं म्हणून लावलेला. आता पोळ्या मोजतो मेला!

“हे ऐकतंही?” बकुळा कुजबुजली.

“सगळं ऐकतं. तू सांग गं, काय म्हणाली तुझी सून?”

“कुछ नहीं. राहू दे.”

चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. मन मोकळं करायला बरुआसागरहून बस पकडून आली होती, आणि भिंतीकडे बघून तोंड मिटून बसली. इंदूताईंना ते फार लागलं. रेल्वेच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं साहेबाचं कधी ऐकून घेतलं नाही, आणि आता स्वतःच्या घरात ही तऱ्हा?

त्यांनी देवापुढे नैवेद्याचं ताट ठेवलं, पाणी फिरवलं, देव्हाऱ्याचा पडदा ओढला. देव जेवत असताना कुणी बघायचं नाही, ही त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

पडद्यावरचा हात तिथेच थबकला. मग त्यांनी फडताळातून देवाचा जुना पडदा काढला, स्टुलावर चढल्या आणि कॅमेऱ्यावर टाकला.

“आई! कुछ दिख नहीं रहा!”

“कौशिक, लहानपणी तू देव्हाऱ्यात डोकावलास की आजोबा काय म्हणायचे?”

पडद्याआडचा आवाज जरा खाली आला.

“देव जेवतोय. बघायचं नाही.”

“हं. आता तुझी आई जेवतेय.”

“पण तू ठीक आहेस हे मला कळणार कसं?”

“जेवण झालं की घंटा वाजवूनच पडदा उघडतात ना? फोनवर ऐकवीन.”

त्यांनी कॅमेऱ्याचं बटण खटकन बंद केलं. ताठ मानेने खाली उतरल्या, देवाची घंटा आपल्या पानाशेजारी ठेवली आणि बकुळाच्या पोळीवर तुपाची धार धरली.

“हं, बोल आता. अगदी पहिल्यापासून सांग.”

गुडगावला घंटा ऐकू गेली, ती थेट दिवेलागणीला.