गाडी सुरू होईपर्यंत

मुलानं पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरत राहिला, आणि बॅटरी मान टाकायला आली तेव्हा कुठे ती जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार खोकत सुरू झाली. रोज नमनालाच घडाभर तेल. त्यानं वैतागून ती बंद केली.

"झालं का?" वडिलांनी विचारलं. सकाळपासून हाच प्रश्न. ऑफिसचे बूट घालून ते गॅरेजच्या दारात येरझाऱ्या घालत होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हल्ली ते विसरायचे. गाडी मात्र विसरले नव्हते. ती नीट झाली की त्यांची ही तगमग थांबेल, असं मुलानं मनाशी धरलं होतं. त्यासाठीच तो रजा काढून आला होता आणि आज त्याला परत निघायचं होतं.

काल त्यानं प्लग बदलले, फिल्टर बदलला. पेट्रोलचा दाब तपासला, तो ठणठणीत. मग घोडं पेंड कुठे खातंय?

"राहू दे ना रे. उशिरा का होईना, सुरू होते की," आई वरच्या खिडकीतून म्हणाली. हिला यंत्रातलं काय कळतंय, म्हणून त्यानं वर बघितलंही नाही.

शेवटी सापडलं. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल देणारा एक वेगळा इंजेक्टर असतो. त्याची वायर काढलेली होती. टोकाला प्लॅस्टिक गुंडाळून वर दोऱ्याची घट्ट गाठ. बाबांनीच काढली असणार आणि विसरले असणार. त्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं. गाठ कापून त्यानं वायर जोडली आणि इंजिन पुरतं गार होईपर्यंत कशीबशी दुपार काढली.

संध्याकाळी किल्ली वडिलांनीच फिरवली. पहिल्याच फटक्यात गाडी गुरगुरली.

"चला, निघालो ऑफिसला," म्हणत त्यांनी गिअर टाकला. गाडी रस्त्याला लागणार, तोच मुलानं धावत जाऊन उघड्या काचेतून हात घातला आणि किल्ली बंद केली.

आई अजून अर्ध्या जिन्यातच होती, कठडा धरून, धापा टाकत.

"अहो, आज सुट्टी आहे," ती म्हणाली.

"असं होय." वडील निमूट उतरले आणि तिच्या शेजारून वर गेले.

"रोज सकाळी हेच," आई हळू आवाजात म्हणाली. "किल्ली लपवली तर लहान मुलासारखे रडतात. ती वायर त्यांनीच दाखवली होती मला, गाडी नवीन असताना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू गाडी विकायला लावली असतीस." ती पायरीवर बसली आणि गुडघा चोळू लागली. "घरघर ऐकू आली की निघते मी वरून. मला खाली पोचायला वेळ लागतो रे."

मुलानं बॉनेट उघडलं, वायर काढली आणि हात पुढे केला.

"दोरा दे."