बनुबाईचं वळण

"अरे, हे तर आपल्या बनुबाईच्या घराकडचं वळण!" वीस वर्षांपूर्वी टीव्हीवर परदेशातली कार रेस बघताना ओंकार ओरडला होता. तेव्हापासून त्या ट्रॅकवरच्या वळणाचं ते नाव फक्त त्याचं आणि शेजारी बसलेल्या किशोरचं होतं.

आज टपरीवर दोघं चहा पीत असताना कंपनीतला नवा तन्मय ओंकारच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "नवा ट्रॅकच भारी! बनुबाईचं वळण काढलं, बरंच झालं." ओंकारने हसून टाळी दिली.

करवंदीचा काटा मोडावा तसं किशोरच्या आत सललं.

"गप का रे? तू जुन्या ट्रॅकवाला ना? भांड की याच्याशी!" ओंकार त्याला म्हणाला.

"मला रेस कधी आवडलीच नाय रे," किशोर म्हणाला. "तुझ्या बाजूला बसायला मिळायचं, म्हणून बघायचो."