नमुन्यादाखल उत्तर

पाण्याबद्दल कुणी विचारलं, तर एआयने प्रयोगशाळेचे अहवाल कसे शोधायचे, याच्या सूचना ती आठवडाभर लिहीत होती. शेवटी नमुन्यादाखल एक उत्तर जोडायचं राहिलं. वेळ मारून न्यायला तिने आपल्याच गल्लीचं नाव टाकलं आणि मनानेच लिहिलं, ‘सकाळीच तपासलंय, अगदी बिनघोर प्या.’

महिन्याभरात गल्लीत जुलाबाची साथ आली. दवाखान्यात सासूबाईंच्या हाताला सलाईन पाहून ती रडकुंडीला आली.

“आई, तुम्ही तर उकळल्याशिवाय घोटभरही पीत नाही.”

“गॅस संपला होता गं. पण मी काही तशीच प्यायले नाही, आधी फोनला विचारून घेतलं.”

“काय म्हणाला?”

 

“सकाळीच तपासलंय, अगदी बिनघोर प्या.”